फायरवॉलच्या व्यापाऱ्यास अनावृत पत्र

मेहेरबान संगणकजाळे-सल्लागार साहेब यांसी,

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्याच्या दफ्तरात आपण जी फायरवॉल नामक पेटी विधिपूर्वक स्थापन केलीत, तिच्या परवान्याची मुदत १९ तारखेच्या मध्यरात्री संपली. आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे जीएसटीचे मासिक विवरण भरण्याच्या ऐन अखेरच्या दिवशी, न्हावाशेवा बंदराकडे निघालेला भरला ट्रक फाटकाशी खोळंबलेला असताना, तिने सरकारी संकेतस्थळासकट सारे जग अनोळखी ठरवून आमच्याच तोंडावर कवाड लावून घेतले, याबद्दल आपले अभिनंदन करावे तितके थोडेच आहे. ट्रकभर माल ई-वे बिलाविना रस्त्यावर काढता येत नाही, ही गोष्ट ट्रकच्या क्लीनरलाही ठाऊक असते. आपल्या पेटीला ती कोणी सांगितलीच नव्हती. आपल्या दुकानी फोन केला, तेव्हा तेथील चिरंजीवांनी फर्मावले, "ती पेटी बाजूला काढा की ओ, वायर डायरेक्ट राउटरला लावा. काही होत नाही!" तसे केले, आणि क्षणार्धात सर्व सुरळीत झाले. हे 'काही होत नाही' आपण खरेदीपूर्वी उच्चारले असते, तर आमचे पुष्कळ द्रव्य वाचले असते.

त्या वेळी आम्ही आपणांस एवढेच पुसले होते, की दहा-बारा संगणकांच्या दफ्तरास राउटर पुरेल की फायरवॉल हवी? त्यावर आपण चष्मा काढून टेबलावर ठेवलात, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये कसे गेले, याचे कथन आरंभिलेत; ते संपते न संपते तोच, जून २०१७ मध्ये त्याच न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम कसे ठप्प झाले हे सांगून आमच्या मर्मावरच बोट ठेवलेत, कारण आमचा माल तेथूनच जातो. आता शांतपणे विचार करता असे दिसते, की कॉसमॉसमध्ये घाला पडला तो एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणेवर, आणि टॉवेलवाल्यापाशी तसली यंत्रणा नसते. बंदराला भोवलेली नॉटपेट्या नामक व्याधी तर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे राजरोस मुभा असलेल्या वाटेने, जगात पसरली होती. भीती खरी होती. औषध मात्र आपण भलत्याच रोगाचे दिलेत.

बिचाऱ्या राउटरविषयी आपण जो तुच्छतेचा उद्गार काढलात, तो तर निव्वळ अन्याय होता. दफ्तरातले सगळे संगणक तो एकाच सार्वजनिक पत्त्यामागे राखतो, आतून कोणी कोणाशी संभाषण आरंभले याची नोंद ठेवतो, आणि बाहेरून काही बिनबोलावता आले, तर नोंद नाही म्हणून परस्पर टाकून देतो. कारकुनाने स्वहस्ते उघडलेल्या ईमेलमधले विष त्याला कळत नाही, हे खरे. परंतु त्याचा मूळचा पासवर्ड बदलला, बाहेरून त्याच्या कारभारात हात घालण्याची सोय बंद केली आणि त्याचे फर्मवेअर वेळच्या वेळी अद्ययावत ठेवले, तर काही हजार रुपयांत लहान दफ्तराचा बराचसा बंदोबस्त होतो. २०१६ साली मिराई नामक व्याधीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते काही अद्भुत विद्येने नव्हे. कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदललेच नव्हते. शाखा जोडायच्या असतील, घरून कोणी हिशेब पाहणार असेल, किंवा हिशेबाचे संगणक पाहुण्यांच्या वायफायपासून अलग राखायचे असतील, तर मात्र फायरवॉल अवश्य घ्यावी. आमचे शेठजी घरून टॅली पाहतात, तेव्हा ती घेणे सयुक्तिकच होते.

म्हणूनच ती आतून कशी आहे, हे पाहण्याची दुर्बुद्धी आम्हांस झाली. नियमांच्या यादीत नियम निघाला एक: कोठूनही, कोठेही, काहीही जाऊ द्यावे. आपल्या सोलापूरच्या भुईकोटाला दुहेरी तट आहेत, खंदक आहे, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव आहे. एवढे सगळे उभारून दरवाजावरच्या पहारेकऱ्यास 'येईल त्यास मुजरा करून आत घ्यावे' असा लेखी हुकूम देणारा किल्लेदार इतिहासास अद्याप गवसलेला नाही. तो आम्हांस गवसला.

आणि त्या नियमाशेजारी दुसरी नोंद होती. शेठजींच्या सोयीसाठी आपण दुरून संगणक चालवण्याचे ३३८९ हे पोर्ट बाहेरच्या जगाला सताड उघडून थेट आमच्या सर्व्हरशी जोडून ठेवले होते. येथे माझा उपरोध संपतो. हे पोर्ट ठोठावत यंत्रे अहोरात्र हिंडत असतात, याच वाटेने शिरून हिशेबाच्या फायली कुलूपबंद होतात आणि खंडणी मागितली जाते, हे आपणांस ठाऊक होते. ठाऊक नव्हते म्हणाल, तर हा धंदा बंद करा. व्हीपीएनची सोय त्याच पेटीत होती, तिचे पैसे आम्ही मोजले होते, आणि ती चालू करण्यास एक दुपार पुरली असती. ती दुपार आपण वाचवलीत, आणि विणकरांचा पगार ज्या वहीत लिहिला जातो ती वही भररस्त्यात मांडून ठेवलीत!

बाकीच्या तक्रारी किरकोळ. माहितीपत्रकातला वेग तपासणी चालू करताच बराच खाली येतो. हल्लीची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने प्रत्येक संगणकात प्रमाणपत्र बसवल्यावाचून पेटीला आतले दिसत नाही, आणि ते आपण बसवले नाही. असो.

आपणही काय करणार, हेही मला दिसते. एप्रिलच्या उन्हात चिंचोळीपासून जुळे सोलापूरपर्यंत मोटारसायकलवर हिंडायचे, प्रिंटर, कॅमेरे, इन्व्हर्टर आणि टॅली या सगळ्यांचे वैद्य एकट्याने व्हायचे, देखभालीची रक्कम मागावयास गेले की व्यापाऱ्याने चहा पाजून पुढच्या महिन्याचा वायदा करायचा, आणि एखादा नियम खरोखरच कडक केला, तर तासाभरात त्याच व्यापाऱ्याचा फोन, "काय ओ, नेट स्लो झालंय, ते बंद करा की!" अशा गावात राहणारा शहाणा माणूस सगळे मोकळेच सोडून देईल. पेटीचा नफा रोकडा मिळतो; नियम लिहिण्याची, ते राखण्याची मजुरी देण्याची कोणाचीच तयारी नसते, आणि आपल्या दरपत्रकात तसा रकानाही नाही.

नूतनीकरणाचे दरपत्रक पोहोचले. त्यात तो रकाना घालावा आणि रास्त रक्कम लिहावी. शेठजींकडून ती मंजूर करवून घेणे माझ्याकडे लागले. मोबदल्यात ३३८९ आज दिवेलागणीपूर्वी बंद व्हावे, प्रत्येक नियम कोणासाठी व का, याची यादी मराठीत दफ्तरी दाखल व्हावी, परवान्याची मुदत संपण्याची वर्दी महिनाभर आगाऊ मिळावी, आणि पेटीचा नवा पासवर्ड मोहोरबंद लखोट्यातून तिजोरीत ठेवण्यास द्यावा. तूर्तचा पासवर्ड आपल्या दुकानाचे नाव व पुढे १२३ असा आहे; आपल्या सर्वच गिऱ्हाइकांकडे तोच असल्याचे शेजारच्या कारखान्याचे हिशेबनीस मोठ्या विश्वासाने सांगत होते.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
कारखान्याचा व्यवस्थापक