आत कोण आहे?

आमच्या घराला खोल्या सहा आणि कुलूप एक. तेही धान्याच्या कोठीचं, आणि त्याची किल्ली दारालगतच्या खिळ्यालाच टांगलेली, म्हणजे चोराने फार हिंडू नये. अशा घरात, अंबाजोगाईला, २००४ साली कॉम्प्युटर आला आणि त्याला पासवर्ड घालू या असं मी म्हणालो. अण्णा चष्म्यावरून बघत राहिले. "परळीत वैजनाथाच्या पिंडीला कोणीबी हात लावून दर्शन घेतं. आन् तुझ्या ह्या डब्याला हात लावायला परवानगी लागायलीय?"

मी नुकताच एमएस-सीआयटी झालो होतो. त्या काळात आमच्याकडे दहावी, बारावी, एमएस-सीआयटी असा शिक्षणाचा क्रम ठरलेला होता. नोकरी लागो न लागो, सर्टिफिकेटला लॅमिनेशन लागलेलं असे. त्या अधिकाराने मी सांगितलं, की एका मशीनवर सगळ्यांची वेगवेगळी खाती उघडता येतात. गरजही होती. अण्णा सकाळी पडद्यावर योगेश्वरी देवीचा फोटो लावून शाळेत शिकवायला जात. दुपारी चुलतभाऊ तिथे एक नटी आणून बसवी. संध्याकाळी आजी देवीला नमस्कार करायला येई, आणि दागिने भरपूर दिसले म्हणून तिने दोनदा त्या नटीलाच हात जोडले होते.

खाती उघडायला बसलो तर रेशनकार्डात नावं घालायला बसल्यासारखी सगळी भोवती जमली. विंडोज एक्सपी प्रत्येक नावापुढे एक चित्र द्यायचं. बुद्धिबळाची सोंगटी, गिटार, फुटबॉल, बेडूक, पिवळं बदक. बैल मात्र नव्हता, याचं काकांना वाईट वाटलं. शेती तेच बघत. अण्णांनी सोंगटी घेतली, चुलतभावाने गिटार, आणि काका उशिरा आले म्हणून त्यांना बदक मिळालं. आजी दारातून म्हणाली, "माझं नाव न्हाई का त्यात?" तिचंही खातं काढलं. तिने लाल फूल निवडलं. त्या खात्यात ती आयुष्यात एकदाही बसली नाही, पण आपलं नाव आहे की नाही हे अधूनमधून कोणाला तरी उघडून दाखवायला लावी.

आठवड्याने अण्णांनी कंट्रोल पॅनेल उघडलं. माझ्या नावाखाली 'कॉम्प्युटर ॲडमिनिस्ट्रेटर' होतं. त्यांच्या नावाखाली 'लिमिटेड अकाउंट'. त्यांनी दोन्ही शब्द वर्गात धडा वाचावा तसे मोठ्याने वाचले. "घर माझ्या नावावर. सातबारा माझ्या नावावर. लाईटचं बिल माझ्या नावावर. आन् मी लिमिटेड?" मी समजावत होतो, की लिमिटेड म्हणजे नवीन सॉफ्टवेअर घालता येत नाही एवढंच, बाकी सगळं करता येतं. "मला तेच घालायचंय," ते म्हणाले. कोणतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याच संध्याकाळी मी त्यांना ॲडमिनिस्ट्रेटर केलं.

आता 'लॉग ऑफ' आणि 'स्विच युजर' यांतला फरक. लॉग ऑफ म्हणजे जेवून, ताट उचलून पंगतीतून उठणं. स्विच युजर म्हणजे अर्धवट जेवलेलं ताट तसंच ठेवून, "तू बस, मी आलोच," म्हणत निघून जाणं. आमच्या घरात आलोच म्हणून गेलेला माणूस परळीला जाऊन येतो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत अण्णांची प्रश्नपत्रिका, काकांचा पत्त्यांचा डाव, चुलतभावाची गाणी आणि माझा बायोडेटा अशी चारही ताटं मशीनमध्ये मांडलेली असत. सगळे आत, कोणीच बाहेर पडलेलं नाही. मेमरी १२८ एमबी. माउस हलवला की बाण जरा वेळाने निघे, म्हातारं माणूस ओसरीवरून उठावं तसा.

रात्री झोपताना अण्णांनी पहिल्यांदा मशीन बंद करायला घेतलं, तेव्हा पडद्यावर चौकट आली. तिचा मी मराठीत अर्थ सांगितला: आत अजून इतर लोक आहेत, बंद केलं तर त्यांचं नुकसान होईल, बंद करायचं का?

अण्णांनी हात मागे घेतला. आजी अंथरुणातून उठून बसली. "कोण लोक हायेत आत?"

"कोणी नाही आजी. काका, चुलत्याचा पोरगा..."

"काका तर हितं घोरायलाय."

"तो इथे घोरतोय, पण आतही आहे."

आजीला हे पटायला अजिबात वेळ लागला नाही. तिने फक्त विचारलं, "जेवले का ते?"

अण्णांनी प्रत्येक खात्यात जाऊन एकेकाला बाहेर काढायचा नेम धरला, गोठ्याचं दार लावण्याआधी जनावरं मोजावीत तसा. मात्र भारनियमनाला असली काही सभ्यता नव्हती. लाईट जाताना आत कोण आहे हे ती कधी विचारत नसे.

मग बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून अण्णा आणि काकांचं वाजलं. दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी अण्णांनी ॲडमिनिस्ट्रेटरचा पहिला आणि शेवटचा अधिकार वापरला: काकांचं खातं काढून टाकलं. बदक गेलं. तोंडाने मात्र ते परंपरेचे दाखले देत होते. "आपल्या इथल्या संत दासोपंतांच्या घराण्यातसुद्धा थोरलं देवघर आन् धाकटं देवघर झालं. आम्ही कोण?" पण एक्सपी खातं पुसताना विचारतं, की त्या माणसाच्या फायली ठेवायच्या की त्याही टाकायच्या. अण्णांनी ठेवल्या. मास्तर माणूस; कोणाचा पेपर फाडणं त्यांच्याने होत नाही. फायली आल्या त्या थेट अण्णांच्या डेस्कटॉपवर, काकांच्या नावाच्या फोल्डरमधून. आत एकच कागद. मा. तहसीलदारांना अर्ज, अर्जदार काका, तक्रार अण्णांविरुद्ध, विषय लिंबाचं झाड. एका बोटाने टाइप केलेला, चौथ्या ओळीत थांबलेला.

अण्णांनी तो दोनदा वाचला. 'तहसिलदार' होतं तिथे दीर्घ केलं, 'बांधावरिल' सुधारलं, एकूण सात चुका निघाल्या. छापून काकांपुढे ठेवला. "द्यायचाच तर शुद्ध दे. त्यात माझं नाव आहे, लोक मला हसतील." काकांनी कागद वाचला, घडी घातली आणि विचारलं, "माझं बदक कुठाय?" झाड अजून उभं आहे.

त्या मानाने मोठ्या लोकांनी पुष्कळ हलके उद्योग केले आहेत. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात सीटीएसएस नावाची यंत्रणा होती. एकच मशीन, अनेक माणसं, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आणि वेळेचा कोटा. ॲलन शेर नावाच्या संशोधकाला कोटा पुरेना. त्याने १९६२ मध्ये सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या वेळात काम उरकलं. पुढे १९६६ मध्ये तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली, आणि जो आत येईल त्याला सुस्वागतमच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले.

माझ्या चुलतभावाकडे ही फाईल वहीत आहे. गिटार गेली, आता तो सेवा केंद्र चालवतो. पंचक्रोशीतले लोक महाडीबीटीचा फॉर्म भरायला येतात आणि स्वतःचा पासवर्ड त्यालाच विचारतात. "माझा काय होता रे?" तो लाल वहीत बघून सांगतो. मी म्हणालो, हे धोक्याचं आहे. तो म्हणाला, "दादा, वही घरी ठिवली तर उद्या अर्धं गाव सरकारला ओळखणार न्हाई." आणि बरेचसे पासवर्ड वहीशिवायही सांगता येतील असे: गावाचं नाव, ॲट, एक दोन तीन.

२०२३ च्या खरिपात एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा मी सुट्टीला गेलो होतो. जुलैची अखेर, केंद्रात पाय ठेवायला जागा नाही. त्याच्याकडे दोन मशीन, एकावर तो, दुसऱ्यावर त्याची बायको, आणि दोघं मध्येच जागा बदलत, त्यामुळे दोघांची खाती दोन्हीकडे उघडी. रात्री साडेअकराला त्याने आवरायला घेतलं. बंदचं बटण दाबलं तर नव्या विंडोजनेही तेच विचारलं, की दुसरं कोणीतरी अजून आत आहे, बंद करायचं का?

तो 'हो' म्हणणार एवढ्यात मला बाकावर दोन माणसं दिसली. पागोटं उशाला, सातबारा छातीवर, गाढ झोपलेली.

"थांब," मी म्हणालो. "जेवलेत का ते, विचार आधी."