वर विचारून सांगतो

ज्याला स्वतःची स्मरणशक्ती नाही, जे स्वतःच्या अकलेनं काही करत नाही, रोज सकाळी आधी वरच्याला ‘मी कोण?’ असं विचारतं आणि वरचा जागेवर नसला की दिवसभर मख्खपणे समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसतं, अशा यंत्राला थिन क्लायंट म्हणतात. वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे एखादी खिडकी आणि तिच्यामागचा चेहरा आला असेल, तर तो तुमचा अनुभव. मी यंत्राबद्दल बोलतोय.

हे यंत्र मॉनिटरच्या पाठीला स्क्रूनं लटकवलेलं असतं. आत हार्डडिस्क नाही, बहुतेकांत पंखाही नाही. वीज खातं दहा-पंधरा वॅट. साहेब दौऱ्यावर असताना त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर फिरणारा पंखा याच्या पाचपट खातो. तुम्ही ‘क’ दाबलात की ते ‘क’ सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हर विचार करतो, पडद्यावर काय दिसायला हवं त्याचं चित्र परत धाडतो आणि ते चित्र तुम्हाला दाखवलं जातं. नोंद, फाइल, हिशेब, चूक, सगळं वर. खाली फक्त तोंड.

लोकांना हे नवीन वाटतं. आयबीएमचे ३२७० जातीचे टर्मिनल १९७१चे, डेकचा व्हीटी-१०० हा १९७८चा. आपल्याकडे रेल्वे आरक्षणाच्या खिडकीत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून जो पडदा दिसू लागला, त्याचीही अक्कल दुसऱ्याच खोलीत ठेवलेली होती. बँकांत संगणक यावा की नाही यावर संघटना आणि व्यवस्थापन भांडत असताना रंगराजन समितीनं १९८४ साली अहवाल दिला, आणि पुढं हळूहळू शाखाशाखांतून युनिक्सवर चालणारे हिरव्या अक्षरांचे पडदे आले. मग प्रत्येकाला स्वतःचा संगणक हवासा झाला. तो मिळतोय न मिळतोय तोच १९९५ साली ओरॅकलच्या लॅरी एलिसन यांनी जाहीर केलं की माणशी आख्खा संगणक कशाला, नेटवर्कला जोडलेलं पाचशे डॉलरांचं यंत्र पुरे. सन कंपनीनं १९९९ साली ‘सन रे’ काढला. कार्ड खुपसा आणि कुठल्याही टेबलावर आपलं अर्धवट काम पुढं चालू करा. जग असे हेलपाटे घालत होतं, आपली कार्यालयं मात्र जागची हलली नव्हती. फाइल वर, अधिकार वर, खाली ‘विचारून सांगतो’. तंत्रज्ञानालाच आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागला.

तर तालुक्याच्या गावच्या एका कार्यालयात अशी चाळीस यंत्रं बसली. नाव सांगत नाही. तुम्हाला ते तुमच्याच गावचं वाटलं तर हरकत नाही. प्रस्तावात कारणं दिली होती ‘विजेची बचत’ आणि ‘माहितीची सुरक्षितता’. खरं कारण असं की जुन्या संगणकांत व्हायरस होते आणि व्हायरसपेक्षा जास्त लग्नांचे व्हिडिओ होते. ‘थिन क्लायंट’ हे नाव निविदेतच राहिलं. कार्यालयात पहिल्या दिवसापासून त्याची ‘डबी’ झाली.

बटण दाबलं की डबी नेटवर्कवर हाळी देते, ‘मला कोणीतरी पत्ता द्या.’ डीएचसीपी नावाची सेवा तिला आयपी पत्ता देते आणि सांगते, तुझी प्रणाली अमुक सर्व्हरवर आहे, घेऊन ये. डबी ती ओढून घेते, जागी होते आणि मग तुमचं नाव-पासवर्ड विचारते. हे रोज नव्यानं. कालचं तिला काही आठवत नाही, आणि ते एका परीनं बरंच आहे. कालचं लक्षात ठेवणारी माणसं कार्यालयात पुष्कळ आहेत.

गोची एवढीच की हाळीला जो आधी उत्तर देईल तो तिचा धनी. आवक-जावकमधल्या कोणीतरी मोबाइलवर क्रिकेट बघायला घरचा वायफाय राउटर आणला आणि भिंतीतल्या नेटवर्कच्या सॉकेटात जोडून दिला. त्या राउटरच्या पोटातही डीएचसीपी होतंच. तोही पत्ते वाटू लागला. अर्ध्या डब्या सर्व्हरकडे गेल्या, अर्ध्या राउटरकडे, आणि राउटरकडे गेलेल्यांना प्रणाली काही मिळेना. कंपनीचा मुलगा केबली बदलून थकला. अखेर निदान शिपायानं केलं. म्हणाला, “साहेब, एकाच पदाचा चार्ज दोघांकडे आलाय.” त्याला अनुभव होता. मागच्या साहेबांच्या बदलीला मॅटमधून, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणातून, स्थगिती आली तेव्हा दोन साहेब, दोन शिक्के आणि अर्धं कार्यालय याच्याकडे तर अर्धं त्याच्याकडे, असा कारभार महिनोन् महिने चालला होता. राउटर काढला. क्रिकेट थांबलं नाही.

दुसरी भानगड वेळेची. सर्व्हरवर चढताना ओळख पटवायला करबेरॉस नावाची पद्धत असते. जन्म अमेरिकेतल्या एमआयटीत, नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं. हा कुत्रा दोन्हीकडची घड्याळं बघतो आणि पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला तर दार उघडत नाही. ओळख तपासणारा सर्व्हर जिल्ह्याच्या ठिकाणी, डब्या तालुक्याला. डबीच्या आतला सीआर २०३२ हा बटणाएवढा सेल मेला की तिचं घड्याळ काही वर्षं मागं जातं आणि तिच्यावर बसणारा माणूस बाहेर राहतो. पाच दिवसांचा आठवडा आल्यापासून कार्यालय पावणेदहाला सुरू होतं, तसा शासन निर्णय आहे. तो वाचून लोक साडेदहा-पावणेअकराला येतात. पाच मिनिटांची शिस्त या इमारतीत पहिल्यांदाच आली आणि तीही फक्त यंत्रांना लागू झाली.

वीज गेली तर? सर्व्हरला यूपीएस आहे, डब्यांना यूपीएस आहे. दोघांच्या मधला स्विच व्हरांड्यात आहे, त्याला काही नाही, आणि त्याच्याच प्लगवर चहाची किटली लागते. किटली लागली की स्विच निघतो, स्विच निघाला की चाळीसही पडदे गोठतात. म्हणजे चहाच्या वेळी सगळं कार्यालय बंद पडतं. हे आधीही होत असे, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही.

चाळीस डब्यांच्या प्रस्तावात एक्केचाळिसावा नग होता: साहेबांसाठी स्वतंत्र संगणक, एक टेराबाइटची डिस्क घातलेला. स्मरणशक्ती पदानुसार मिळते. त्या डिस्कवर एक फाइल आहे, आणि ती उद्घाटनाच्या फितीचा फोटो आहे.

खरा घोळ मात्र बंद करण्यात झाला. डबीचं बटण दाबून घरी गेलं की डबी बंद होते, वरचं सत्र चालूच राहतं. लॉगऑफ करायचं असतं, पण लॉगऑफ करायला बसावं लागतं आणि सव्वासहाच्या गाडीसाठी कार्यालयातले निम्मे सव्वापाचलाच उठलेले असतात. जानेवारीत सर्व्हर धापा टाकू लागला. कंपनीच्या मुलानं वरची हजेरी काढली, तर डिसेंबरअखेर सेवानिवृत्त झालेले अव्वल कारकून अजून कामावर! सत्र चालू, एक पत्र अर्धं टाइप केलेलं, ‘उपरोक्त विषयान्वये’ या शब्दांपाशी कर्सर लुकलुकतोय. सेवाकाळात इतकी सलग उपस्थिती त्यांच्या नावावर कधी लागली नव्हती. मुलानं सत्र बंद करायला बोट उचललं, तोच आस्थापना शाखेनं अडवलं. त्यांचं पेन्शनचं प्रकरण अजून मंजूर नाही. ना-हरकत मिळाल्याशिवाय त्यांच्या नावावरचं काहीही बंद करू नये. ते पत्र माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथवरच आहे.

प्रिंटरची तऱ्हा निराळी. सर्व्हरवर सगळ्या शाखांचे प्रिंटर एकाच यादीत दिसतात, आणि कुठला कोणाचा हे नावावरून कळलं तर तो प्रिंटर कसला. एका कनिष्ठ लिपिकाला बजावायची कारणे दाखवा नोटीस त्याच्याच टेबलाशेजारच्या प्रिंटरमधून बाहेर पडली, साहेबांची सही व्हायच्या आत. त्यानं शांतपणे खुलासा टाइप केला आणि नोटिशीला जोडून दोन्ही कागद सहीला पाठवले. साहेबांनी दोन्हींवर सह्या केल्या. ‘खुलासा समाधानकारक’ हा शेरा त्याच दिवशी पडला.

आता पैशाचं बोलू. सर्व्हर आणि डब्या ‘यंत्रसामग्री’त बसल्या, जेम पोर्टलवर सर्वांत कमी दरानं आल्या, डेडस्टॉक रजिस्टरात चढल्या. राहिले परवाने. विंडोज सर्व्हरवर चाळीस जणांनी एकदम काम करायचं तर माणशी किंवा डबीमागे एक परवाना लागतो, हे कंपनीच्या मुलानं सांगितलं होतं, लिहूनही दिलं होतं. पण परवाना हातात धरता येत नाही. रजिस्टरात तो लिहिणार कसा? नग म्हणावा की संच? त्याच्यावर अनुक्रमांक रंगवायचा कुठं? ‘सदर बाबीसाठी लेखाशीर्षात तरतूद नाही’ असा शेरा घेऊन प्रस्ताव परतला. त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही, कारण परवान्यांची सोय केलेली नसली तरी विंडोज सर्व्हर १२० दिवस लोकांना आत घेतो. किती दिवस उरले ते तो सांगतही असतो, पण फक्त प्रशासक म्हणून आत आलेल्याला. प्रशासकाचा पासवर्ड कंपनीच्या मुलाच्या डायरीत होता आणि अंतिम देयक मिळाल्यावर तो मुलगा डायरीसकट दुसऱ्या तालुक्याला गेला होता.

उद्घाटन झालं १ डिसेंबरला. तुम्हीच मोजा. डिसेंबर, जानेवारी, अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी. १२० दिवस नेमके ३१ मार्चला भरतात. ज्योतिषालाही इतका अचूक मुहूर्त काढता आला नसता. वर्षभर निवांत झोपलेला निधी ज्या एका दिवशी खडबडून उठतो, कोषागारासमोर रांगा लागतात, रात्री दहाला देयकं पास होतात, त्या दिवशी दुपारी चाळीसही डब्यांनी परवाना देणारा सर्व्हर उपलब्ध नसल्याचा निरोप दाखवला. निरोप इंग्रजीत होता. लेखा शाखेनं तो ‘वरिष्ठ उपलब्ध नाहीत’ असा वाचला आणि सवयीनं वाट बघत बसली.

चारच्या सुमाराला कोणाला तरी युक्ती सुचली: सर्व्हरची तारीख मागं करा! कल्पना कार्यालयाच्या परंपरेत बसणारी होती. मागच्या तारखेनं कागद करणं इथं अंगवळणी पडलेलं, आणि ३१ मार्च तर दर वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालतो. फोनवर पासवर्ड मागवला, तारीख एक आठवडा मागं नेली, आणि तो तीन डोक्यांचा कुत्रा भुंकला. जिल्ह्याच्या सर्व्हरवर ३१ तारीख, इथं २४. पाच मिनिटांऐवजी सात दिवसांचा फरक. परवान्यावाचून अडलेली माणसं आता ओळखीवाचूनही अडली. तारीख पुन्हा पुढं आणली.

तेव्हा कंपनीच्या मुलानं फोनवरच एक वाट दाखवली. परवाना नसला तरी देखभालीसाठी म्हणून एका वेळी दोन प्रशासकांना सर्व्हर आत घेतो. दोन! चाळीस माणसं, दोन खुर्च्या आणि वर्षाचा शेवटचा दिवस. पहिली खुर्ची साहेबांना गेली, कारण ते साहेब. स्वतःच्या एक टेराबाइटवरून ते आत शिरले आणि पडद्याकडे बघत बसले. दुसरी साहेबांच्या स्वीय सहायकांना गेली, कारण साहेब आत काय करतायत ते बाहेर सांगायला कोणीतरी हवं. देयक करता येणारी लेखा शाखेतली ताई दाराशी उभी राहिली आणि कुठं काय दाबायचं ते आत ओरडून सांगू लागली. आत दाबलेलं वर जात होतं, वरचं चित्र आत येत होतं, पडद्यावर काय आलं ते स्वीय सहायक दाराशी येऊन सांगत होते. त्या रात्री थिन क्लायंट कसा चालतो हे सगळ्या कार्यालयाला कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय समजलं.

निधीचा बराचसा भाग व्यपगत झाला. त्यावर टिपणी झाली, अहवाल गेला, आणि एप्रिलपासून त्या दोन खुर्च्यांसाठी टोकन पद्धत सुरू झाली.

मे महिन्यात लेखापरीक्षण पथक आलं. त्यांच्याकडे संगणकांचा छापील तक्ता होता: मेक, रॅम, हार्डडिस्क, शेरा. चाळीस यंत्रं उघडून पाहिल्यावर परिच्छेद निघाला. चाळीस संगणकांत हार्डडिस्क आढळून आल्या नाहीत. त्या कोणाच्या ताब्यातून गहाळ झाल्या याची जबाबदारी निश्चित करून वसुली प्रस्तावित करावी. कार्यालयानं उत्तर दिलं की या यंत्रांत हार्डडिस्क नसतेच. पथकानं लिहिलं, मुळात नसल्याचा पुरावा जोडावा. कार्यालयानं माहितीपत्रक जोडलं. पथकानं लिहिलं, माहितीपत्रक इंग्रजीत असून साक्षांकित नाही.

वसुलीचं नाव निघाल्यावर चाळीस जणांचे चेहरे उतरले आणि कार्यालय पहिल्यांदाच चपळाईनं हललं. परवान्यांसाठी तरतूद नव्हती. ‘संगणकाचे सुटे भाग’ या बाबीखाली मात्र होती. चाळीस हार्डडिस्क आल्या. डब्यांत त्या बसणार नव्हत्या, म्हणून प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं डबीचा क्रमांक घातला, रजिस्टरात नोंद केली आणि लोखंडी कपाटात ओळीनं मांडल्या. पुढच्या फेरीत पथकानं कपाट उघडून मोजदाद केली. चाळीस नग भरले. आक्षेप वगळण्यात आला, आणि त्याच पानावर खाली नवा शेरा पडला: हार्डडिस्क वापराविना पडून असल्याचं दिसतं, कारणे द्यावीत.