माहीमचे तिकीट

माहीम हा शब्द लिहिताना तीन अक्षरांचा, बोलताना दोन तुकड्यांचा: मा-हीम. शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ मराठी माणूस गिळून टाकतो आणि उरलेला ‘म्’ लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखा ‘ही’ला अर्धा टेकून बसतो. पाल-घर आणि केळ-वे यांतही असेच स्वर गडप होतात. इटालियनमध्ये ही दाटी कमी, कारण तिथले बहुतेक शब्द स्वरावर संपतात. जोडाक्षरातला ‘स’ तिथे पुढच्या तुकड्यात जातो, पा-स्ता. मराठी जीभ त्याला पिस्त्याच्या चालीवर पास्-ता करून खाते. द्वित्त मात्र इटालियन मधोमध फोडतात: पित्-त्सा.

एवढ्या ज्ञानावर विरारहून पालघरजवळच्या माहीमला निघणाऱ्या प्रवाशाचा घोटाळा ठरलेला. तो खिडकीवर ‘माहीम’ म्हणतो, तिकीट घेतो आणि डहाणू लोकलमध्ये चढतो. त्या माहीमला स्टेशनच नाही; रेल्वेचे माहीम वांद्र्याच्या पुढचे, मुंबईतले. दोन्ही नावे एकाच जागी तुटतात, गाड्या मात्र उलट दिशांना धावतात. पालघरला टीसी आधी तिकीट बघतो, मग प्रवासी. “साहेब, हे मागे राहिलं.” प्रवासी उच्चारशास्त्र मांडू लागतो. टीसी शांतपणे ऐकतो, कारण लिहायला त्याला तेवढाच वेळ लागतो. किमान दंड अडीचशे रुपये, वर भाडे. पाव-ती दोन तुकड्यांत हातात पडते.

जुन्या लोकांनी यावर समासाचा तोडगा काढला होता: केळवे-माहीम. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत 1739 साली मराठ्यांनी जिंकले ते हेच. 1882च्या ठाणे गॅझेटिअरात माहीम हा चक्क तालुका आहे. पुढे तालुक्याला पालघरचे नाव लागले, 2014 साली जिल्ह्यालाही. स्टेशन तर तिथे होतेच. माहीमच्या वाट्याला पानमळे, महिकावतीचे देऊळ आणि चुकीची तिकिटे आली.

व्याकरण तेवढे माहीमशी माणुसकीने वागते. विभक्ती लागली की ‘ही’ आखडते आणि ‘म’ला हक्काचा स्वर मिळतो: मा-हि-मात. तारापूरचे तारापुरात होते तेही याच नियमाने.

स्टेशनबाहेर भरलेल्या रिक्षात एक आजी टोपली मांडीवर घेऊन प्रवाशाला जागा करून देतात आणि कुठे जायचे ते विचारतात. पोळलेला प्रवासी पूर्ण समास उच्चारतो, “केळवे-माहीम.”

“दोन्हीकडे कसा जाशील रे? एक काय ते सांग.”