मुखप्रांताची मोजणी

(रंगमंचावर एक खुर्ची. निवृत्त अव्वल कारकून छत्री टेकीत येतात.)

मंडळी, ज्या मनुष्याने आपली उभी हयात मामलेदार कचेरीत शेतांच्या हद्दी पाहण्यात, कुळांच्या तक्रारी ऐकण्यात आणि प्रकरणे तहकूब करण्यात वेचली, त्याच्याकडे पेन्शनीत नातवाच्या जबड्याची तपासणी करवून आणण्याची कामगिरी यावी, हा नियतीचा विनोद नव्हे, सूनबाईंचा हुकूम! मूल सात वर्षांचे झाले, की दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवावेच, असे त्यांचे म्हणणे.

मी डॉक्टरांना म्हणालो, "अहो, हे दुधाचे दात! जे कूळ स्वखुशीने जागा सोडते आहे, त्याची चौकशी कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, हे वीस दात नुसते राहत नाहीत, खालच्या वारसांची जागा राखतात. दुधाची दाढ किडून मुदतीपूर्वी गेली, की मागची दाढ पुढे सरकते."

"म्हणजे उघड अतिक्रमण!" (खुर्चीवर सावरून बसतात.) आता मला प्रकरणात गोडी वाटू लागली. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांच्या मागे, एकही दात न पाडता, जी कायमची दाढ मुकाट्याने उगवते आणि जिला घरोघर दुधाचीच समजून किडू देतात, तिच्याच बैठकीवरून अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वाकड्या दातांची वर्गवारी लावली, हे ऐकून तर त्या गृहस्थास आमच्या खात्याने दत्तक घ्यावयास हवे होते, असे मला वाटले.

नातवाच्या वरच्या पुढच्या दातांमधल्या ज्या फटीपायी सूनबाईंची झोप उडाली होती, ती वरचे सुळे उतरले म्हणजे बहुधा आपोआप मिटते. वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत असतील, तर मात्र दिरंगाई नको. टाळूचा मधला सांधा वयपरत्वे पक्का होत जातो, आणि मग टाळू रुंद करणे जिकिरीचे. आमच्याकडे तसे काही नव्हते. जागेची किंचित तंगी, इतकेच. सबब, तारा नाहीत. सहा महिन्यांनी हजर राहावे!

(पावती उलगडून) तहकुबीबद्दल पैसे आमच्या कचेरीतही घेतले जात. पावती तेवढी मिळत नसे.

निघताना डॉक्टरांनी सहज विचारले, "मोठे दात, लहान जबडा, ही ठेवण घराण्यात कोणाची?" वारसाचा प्रश्न! मी ताठ मानेने जबानी दिली, "दात हिच्या माहेरचे असतील; आमचे निर्दोष!"

त्यावर आमचे कुटुंब अत्यंत विनयाने म्हणाले, "डॉक्टर, ह्यांचे तपासायचे असतील तर घरून आणते. वाटीत भिजत पडलेत."