कार्बन बुटाचा पंचनामा: हौशी पालकांसाठी मार्गदर्शिका

प्रस्तावना

हांगझोऊच्या आशियाई खेळांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताच्या पुरुष आणि महिला संघांनी रोलर स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत ब्राँझ मिळवलं. पुरुषांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी आडनावं होती. सप्टेंबर २०२५ मध्ये तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार चीनमधल्या बैदाईहेला स्केटिंगचा जगज्जेता झाला. या मंडळींच्या पायांतले बूट फोटोत सगळ्यांना दिसले. पहाटेचा सराव फोटोत येत नाही. त्यामुळे घरात पायाच्या साच्यावर बनवलेला कार्बनचा बूट घ्यायचं ठरलं.

मुलाच्या पायाचा प्लास्टरचा साचा परदेशी गेला आणि काही महिन्यांनी खोकं आलं. किंमत आजीला सांगायची नसते. विचारलीच तर शेवटचं शून्य गाळून सांगावी. चौथ्या दिवशी मूल म्हणतं, "पप्पा, बूट चावतोय." सदर मार्गदर्शिकेचा अंमल इथून सुरू होतो.

कलम १: पंच नेमणे

पंचांत पुढील व्यक्ती असाव्यात: वडील (पैसे भरल्यामुळे पदसिद्ध अध्यक्ष), कोच सर, खालच्या मजल्यावरचे काका (स्केट कधी घातलेले नाहीत, पण भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे) आणि आजी (कायमची हरकत नोंदवण्यासाठी). बूट ज्याच्या पायात आहे त्याला शक्यतो बोलू देऊ नये. त्याला नेमकं कुठे दुखतं ते माहीत असल्यामुळे चर्चा फार लवकर संपते.

कलम २: गुन्हेगार बूट आहे की फ्रेम?

बुटाच्या तळाला दोन बोल्टची सोय असते. मोठ्यांच्या बहुतेक रेसिंग बुटांत त्यांच्यातलं अंतर १९५ मिलिमीटर असतं. त्यावर फ्रेम बसते आणि फ्रेममध्ये चाकं. बोल्टच्या खाचा लांबट असल्यामुळे फ्रेम डावीउजवीकडे सरकते. सुरुवातीला फ्रेमचं पुढचं टोक अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या रेषेवर ठेवावं आणि मागचं टाचेच्या मध्यावर. घोटा आत कलत असेल तर फ्रेम आतल्या बाजूला सरकवावी, बाहेर कलत असेल तर बाहेरच्या. एका वेळी एक-दोन मिलिमीटर पुरतात. मग दोन-तीन सराव होऊ द्यावेत.

काकांची पद्धत वेगळी आहे. ते एकाच संध्याकाळी दोन्ही फ्रेम चारही दिशांना सरकवतात आणि मग मूळ जागा कुठली होती ते कोणालाच आठवत नाही. म्हणून आधी पेन्सिलने खूण करावी आणि नंतर काकांना बोलवावं. पुष्कळ "सदोष" बूट या कलमातच, एका ॲलन कीवर, निर्दोष सुटतात.

कलम ३: कुंकवाची चाचणी

तरीही बूट चावत असेल तर दुखणाऱ्या हाडावर, बहुधा घोट्यावर, ओलं कुंकू लावावं आणि मोजा न घालता बूट चढवून नाडी आवळावी. बूट काढल्यावर अस्तरावर जिथे लाल ठिपका उमटला तिथे दाब आहे. आजीला ही चाचणी मनापासून पटते. ती हळदही आणून देते.

आता उपचार. पंचमंडळ उत्साहाने दुखत्या जागेवरच स्पंजचा तुकडा चिकटवतं. जागा आधीच कमी, त्यात हा पाहुणा. स्पंज हाडाभोवती कड्यासारखा कापून लावायचा असतो, म्हणजे हाडाला मध्ये पोकळी मिळते आणि दाब आजूबाजूच्या मांसावर जातो.

बुटाचं कार्बनचं कवचच बाहेर ढकलायचं असेल तर आधी बनवणाऱ्याला विचारावं की त्यातलं रेझिन, म्हणजे कार्बनचे थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, तापवून वळणारं आहे का. तसं असेल तर त्याने सांगितलेल्या तापमानापर्यंत तो भाग हीट गनने तापवून पळीच्या गोल पाठीने आतून दाबता येतो. नसेल तर कितीही तापवलं तरी फक्त रेझिन जळतं. आणि खोलीच्या साध्या तापमानाला सुकवलेली अनेक इपॉक्सी रेझिन ५०-६० अंशांनाच मऊ पडू लागतात. सबब नागपुरात मे महिन्याच्या दुपारी बूट बंद गाडीत ठेवून लग्नाला जाऊ नये.

कलम ४: नाण्याची चाचणी

कार्बनचा बूट म्हणजे कार्बनच्या कापडाचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. थर एकमेकांपासून सुटले तर बाहेरून काही दिसत नाही. म्हणून पाच रुपयांचं नाणं घ्यावं आणि कवचावर बोटाबोटाच्या अंतराने हलकेच वाजवत जावं. बाजारात माठ घेताना आपण वाजवून बघतो, तसंच. जिथे टक-टक खणखणीत येतं तिथे थर एकजीव आहेत. जिथे आवाज बद्द होतो तिथे खडूने रेघ मारावी. टाचेजवळच्या वळणावर आणि बोल्टभोवती सावकाश जावं, कारण जोर तिथेच येतो. या वेळी टीव्ही बंद ठेवावा. काकांनाही.

ओरखडा आणि तडा यांत फरक करावा. वरच्या चकचकीत थरावरची केसासारखी रेघ नखाला लागत नाही आणि अंगठ्याने दाबल्यावर तशीच राहते. तिच्यासाठी पंचनामा नको. दाबल्यावर रेघ उघडते, "कट" असा आवाज येतो किंवा धागे दिसतात, तो तडा. बोल्टभोवती पांढरी पावडर दिसली तर तो साबण नव्हे. कार्बन वीज वाहून नेतो. घामाच्या ओलाव्यात तो ॲल्युमिनियमला भिडला की ॲल्युमिनियम गंजतं, आणि त्या गंजाची ही भुकटी.

कलम ५: वर्ज्य औषधे

फेव्हिक्विक: लगेच चिकटतं आणि वळणाऱ्या सांध्यात तितक्याच लगेच तडकतं.

एम-सील: टाकीच्या गळतीला उत्तम. त्यात सलग धागे नसतात, म्हणून पायाचा जोर ते पेलत नाही.

गाडीचे बंपर सांधणारा फायबरवाला: हा कुशल माणूस आहे, पण त्याच्या डब्यात बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं आणि सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. त्याच्याकडून एक सवयही घरी येते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर थोडा वाढवला की माल लवकर घट्ट होतो. इपॉक्सीत हार्डनर वाढवला तर माल कायमचा चिकट आणि मऊ राहतो. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं. ते "अंदाजे" हाताळू नये. दागिने तोलतात तसला छोटा डिजिटल काटा वापरावा.

कलम ६: प्रत्यक्ष डागडुजी

हे कलम फक्त वरच्या कडेच्या आणि बाजूच्या लहान तड्यांसाठी आहे. बोल्टची जागा किंवा टाचेखालचा भाग सुटला असेल तर बूट बनवणाऱ्याकडे परत पाठवावा. स्टील मोडण्याआधी वाकून सांगतं. कार्बन तशी नोटीस देत नाही, आणि मोडतो तेव्हा मूल वळणावर भरवेगात असतं.

खराब भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढावा आणि कडा उतरत्या कराव्यात. पाण्याने ओलं करून घासावं आणि मास्क लावावा: कार्बनची धूळ घशाला आणि त्वचेला टोचते, शिवाय ती वीजवाहक असल्यामुळे लॅपटॉपच्या टेबलावर हा उद्योग करू नये. जागा पूर्ण वाळू द्यावी, मग ॲसिटोनने पुसावी आणि त्यानंतर बोट लावू नये. काका बोट लावून बघतातच, म्हणून पुन्हा पुसावी.

चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कार्बन कापडाचा एक थर सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा होतो. जेवढे थर गेले तेवढे घालावेत. प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा सगळीकडून किमान १२ मिलिमीटर मोठा. धाग्यांची दिशा मूळ कापडासारखीच ठेवावी. हातात नायट्राइलचे मोजे हवेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. वर प्लास्टिक फिल्म घालून इलेक्ट्रिकची टेप उलटी, चिकट बाजू बाहेर, ताणून गुंडाळावी आणि टाचणीने भोकं पाडावीत. जास्तीचं रेझिन थेंबाथेंबाने बाहेर येतं. "एवढं महागाचं वाया चाललंय" म्हणून ते पुसून परत आत भरू नये. ताकद धाग्यांत असते. जादा रेझिन नुसतं वजन.

चोवीस तास बुटाला हात लावू नये. पूर्ण ताकद यायला साधारण आठवडा जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वर मेणचट थर धरू शकतो. तो पाण्याने धुवावा आणि मगच पुढचं काम करावं.

कलम ७: निकाल

सर्व साक्षीपुरावे तपासल्यावर बहुतेक प्रकरणांत एक दोष उरतो, ज्यावर कुठलंही रेझिन चालत नाही: पाय वाढतो. प्लास्टरचा साचा घेतला त्या दिवसाचा पाय बुटात कायम राहिला. मुलाचा पुढे गेला. त्यामुळे पाय वाढायचा थांबेपर्यंत साच्यावरचा बूट घेऊ नका. तापवून थोडा वळणारा तयार बूट घ्या, वर्ष-दीड वर्षाने तो लहान मुलाला विका आणि उरलेले पैसे चांगलं हेल्मेट, नवी चाकं आणि ट्रॅकपर्यंतच्या पेट्रोलला ठेवा. आणि बूट चावतोय असं मूल म्हणालं तर पंच नेमण्याआधी त्याला विचारा: कुठे?