खलाटीतला भराव

"वहिनी, खलाटीतले डंपर बघितलेत?" काकूंनी कंपाऊंडवर गोधडी वाळत टाकता टाकता विचारलं. मे महिन्यात काकूंच्या गोधड्या जरा जास्तच धुतल्या जातात. गोधडी पसरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात आळीचा हालहवाल कळतो.

"गांधारी नदीच्या अंगाला ना? चार मजली होणार म्हणे."

"खालचं पार्किंग धरून पाच. आणि जाहिरातीत काय, तर 'रिव्हर व्ह्यू'! महाडात नदी बघायला गॅलरी कशाला हवी हो? तीच येते की घरी."

"जमीन कोणाची होती?"

"नाव नको. त्यांच्या सुनेची नि माझी भिशी एक आहे. पण त्या खलाटीत कमरेएवढं पाणी राहायचं, म्हणून आपल्या आळीत घोट्यावर भागायचं. आता तिथे मुरूम. ते पाणी काय माहेरी जाईल?"

बिल्डर नदीकडून भिंतही बांधणार आहे, असं मी ऐकलं होतं, ते सांगितलं. काकू फिस्सकन हसल्या. "भिंत नदीला थोपवेल एकवेळ. पण आतलं गटाराचं, पागोळ्यांचं पाणी बाहेर कुठून काढणार? नि समोरच्या काठाने काय घोडं मारलंय? इकडे अडवलेलं तिकडेच चढणार."

2021 च्या पुराचा विषय निघणारच होता. 22 जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला आपला वाटा सावित्री नदीने इमानदारीत आणून पोचवला. त्यात खाली भरती असली की बाणकोटच्या खाडीत पाणी उतरत नाही, बाजारपेठेत तुंबून राहतं. मग आपण सगळे दासगावच्या रेल्वेच्या भरावाला शिव्या देतो. द्याव्यातच. पण तो भराव सरकारचा, म्हणून चटकन दिसतो. भिशीतल्या माणसाचा दिसत नाही.

"आमचे हे म्हणतात," मी म्हटलं, "पाटबंधारेवाल्यांच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधायचं नाही. दोन्हींच्या मध्ये बांधायचं तर जोतं उंच घेऊन."

"2005 चा बघितला, 2021 चा बघितला. त्यांच्या हिशेबाने माझं वय किती झालं असेल हो?"

आता सांगणं भागच होतं. "काकू, माझ्या भावाने तिथेच फ्लॅट बुक केलाय."

"पोलादपूरच्या?"

"हो. 2021 च्या त्या पावसात केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीला दरडी आल्या, इकडे तळियेची तर अख्खी वाडी गाडली गेली. तेव्हापासून पाऊस लागला की आई डोंगराखालच्या घरात झोपत नाही. म्हणून सपाटीला घेतला."

काकूंनी गोधडीचं टोक उगाचच सारखं केलं. "त्याचं तरी काय चुकलं म्हणा. वर डोंगर, खाली पाणी. कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"मग पुरात बुडायचा नाही. पण मीटर कुठे बसवणार? पाण्याचा पंप? खाली असले तर वर बसून करायचं काय, ना वीज ना पाणी, आणि आई जिना उतरू शकणार का? आणि खांब भरावावर टेकवतायत की खाली कातळापर्यंत नेतायत, तेही विचारायला सांगा. काजळपुऱ्यातली पाच मजली इमारत 2020 च्या ऑगस्टमध्ये पडली, तेव्हा कुठे पूर होता? सोळा माणसं गेली."

"आत्ताच फोन लावते."

"लावा, लावा." मी वळले, तोच काकू कुंपणावरून जरा पुढे वाकल्या. "आणि वहिनी, त्या खलाटीला गुंठ्यामागे काय भाव मिळाला, तेवढं भावाकडून हळूच काढून घ्या हं. त्याला लागून आमचेही चार गुंठे आहेत."