भरती दुपारी तीनला

आमच्या साडूंना भरती म्हटलं की एकच भरती माहीत. म्हणून मी 'शनिवारी दुपारी ३ ला भरती आहे, त्याआधी ऐरोलीत पोचायचं' असं व्हॉट्सॅपवर टाकलं, तेव्हा लातूरहून पाच मिनिटांत विचारणा आली : 'कोणत्या पदासाठी? वयाची अट काय? रोहितची बारावी व्हायचीय अजून.'

मी फोन लावून सांगितलं की ही समुद्राची भरती आहे. ठाण्याच्या खाडीत पाणी चढलं की वनविभागाच्या केंद्राची बोट निघते आणि आपल्याला फ्लेमिंगो दाखवून आणते, सोबत माहिती सांगणारं माणूस असतं.

"म्हणजे फॉर्म भरायचा नाही?"

"भरायचा आहे. ऑनलाइन."

"मग भरतीच की ती."

नांदेडच्या माणसाला अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर साधारण सारखेच लांब पडतात. दोघांपैकी एकानेही आम्हाला कधी आपलं म्हटलेलं नाही. आमचं पाणी बघायचं ठिकाण म्हणजे विष्णुपुरी, नाहीतर नगिनाघाट. लातूरच्या माणसाने तर पाणी रेल्वेने आलेलं बघितलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लातूरला साडूंकडे राहणाऱ्या माझ्या सासूबाई तेव्हा स्टेशनवर जाऊन त्या गाडीला हात जोडून आल्या होत्या. तेव्हापासून कुठलंही प्रेक्षणीय स्थळ दाखवलं की त्या आधी विचारतात, "पाण्याचं कसं आहे तिकडं?"

आम्ही नांदेडहून देवगिरीने निघालो, ती मंडळी लातूर–मुंबईने. एका गाडीने जाण्याचा प्रश्नच नव्हता. महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावरून दोन जिल्ह्यांत २००९ पासून जे चाललंय ते आमच्या घरात माझ्या लग्नापासून चालू आहे. (मांजरा शेवटी गोदावरीलाच येऊन मिळते, एवढं एकच वाक्य मी अशा वेळी म्हणतो. साडू मग हवापाण्यावर येतात.) त्यातून लातूर गाडी हा त्यांचा हळवा विषय. २०१७ साली ती बिदरपर्यंत नेली तेव्हा शाळेला रजा टाकून ते आंदोलनात घोषणा देऊन आले होते. त्यांचा सिद्धांत साधा आहे : गाडी जितकी लांबून येते, तितकी मधल्या माणसाला जागा कमी. हा सिद्धांत पुढे खाडीत कामाला आला.

सकाळी सहाला ठाण्यात दोन्ही पक्षांची गळाभेट झाली आणि लोकलने सातच्या सुमारास आम्ही ऐरोलीत. भरतीला आठ तास अवकाश. मराठवाड्यातला माणूस गाडीच्या आधी दोन तास स्टेशनवर असतो. समुद्राची पहिलीच वेळ असल्यामुळे आम्ही थोडा जास्त हात राखून आलो होतो. केंद्राचं फाटक बंद. पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिलं, पाच पिशव्यांकडे पाहिलं, आणि फूटपाथवर सतरंजी पसरणाऱ्या माझ्या बायकोकडे पाहिलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. सासूबाईंना संकष्टी होती, त्यांनी शेंगदाण्याचा लाडू काढला. रोहितने ऑरगॅनिक केमिस्ट्री काढली.

हा रोहित साडूंचा धाकटा. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेला. पक्षी बघायला येतोस का विचारलं तर म्हणाला होता, "नीटला येतं का?" फ्लेमिंगो म्हटल्यावर त्याला फक्त एवढंच आठवलं की सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकाचं नाव फ्लेमिंगो आहे. आता आमच्या मराठीत फ्लेमिंगोला रोहित म्हणतात, हे मला माहीत होतं. पण गर्दीच्या बोटीत याचा काय परिणाम होईल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, ते आलं नाही.

फाटक उघडल्यावर मधला वेळ आम्ही कांदळवनातल्या लाकडी वाटेवर काढला. खाली नुसता चिखल, आणि चिखलातून बोटभर उंचीच्या काटक्या वर आलेल्या, हजारोंनी. ही तिवराची मुळं. चिखलात हवा नसते म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. सासूबाईंना हे लगेच पटलं. बोअर कोरडं पडलं की माणूस खाली खाली जातो, इथे झाड वर आलं, इतकाच फरक. त्या चिखलात अंगठ्याएवढे खेकडे होते, त्यांचा एकच आकडा अंगाएवढा मोठा, आणि तो ते सारखे वरखाली हलवत होते.

"हे कुणाला बोलवूलालं?" सासूबाईंनी विचारलं.

आमच्याबरोबर फिरणारी, केंद्रातली गाइड मुलगी हसून म्हणाली, "नर आहे तो, आजी. मादीला बोलावतोय."

"एका हातानं?"

"दुसरा जेवायला ठेवलाय," साडू म्हणाले. मराठवाड्यात निवडणुकीला उभा राहिलेला माणूस याहून वेगळा दिसत नाही, असं त्यांचं मत पडलं आणि त्यांनी त्या खेकड्याला नमस्कार केला.

बोटीवर चढायच्या आधी केशरी जाकिटं घालण्याचा कार्यक्रम झाला. साडूंचं जाकीट पोटावर मिटेना. शेवटी पट्टे पूर्ण सैल सोडून गाइड मुलीने ते बसवलं, पण मग त्यांना मान खाली वळवता येईना. पुढचा तासभर ते चिखलातल्या पक्ष्यांकडे न बघता क्षितिजाकडे बघत होते, एखाद्या पुतळ्यासारखे.

आणि मग सासूबाईंची तांडेलांशी गाठ पडली. बोट चालवणारे तांडेल साठीचे, कोळीवाड्यातले, फारसे न बोलणारे. गाइड मुलीच्या हातात भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक होतं. सासूबाईंनी तिला विचारलं, हे पाणी तीनलाच येणार हे तुला कुणी सांगितलं? ती वेळापत्रक दाखवायला लागली, तर तांडेल पहिल्यांदा बोलले.

"आज तिथी कोणती, आजी?"

"संकष्टी. चतुर्थी."

"चार त्रिक?"

"बारा."

"भागिले चार?"

"तीन!" सासूबाई ओरडल्या.

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला आणि अवसेला दुपारी बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण तास पुढे. मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडावर करत आले आहेत. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पन्नास वर्षं कालनिर्णयच्या आणि त्याआधीच्या पंचांगाच्या आधारे त्यांनी उपास केले, आणि आज कळलं की त्याच चौकोनात समुद्राची वेळसुद्धा छापलेली होती. त्यांनी अष्टमीची काढली, एकादशीची काढली. पुढे पक्षी आले-गेले, या दोघांचं गणित चालूच.

"आन् दिवसातून किती वेळा येतं म्हणलाव पाणी?"

"दोनदा."

"दोनदा! रोज?"

"रोज."

"आन् सुट्टी?"

"सुट्टी नसते, आजी."

सासूबाई गप्प झाल्या. मग काठावरून हात खाली घालून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकलं. "एवढं सारं," त्या म्हणाल्या, "आन् डाळ शिजंना यात."

बोट निघाली. विजेचे मनोरे थेट खाडीतच पाय रोवून उभे, त्यावर घारी. काठाला शेकाट्या, लांब गुलाबी पायांचा, चालताना धोतर वर धरल्यासारखा. शेपटी सारखी खालीवर करणारा तुतवार. खंड्या. पांढरे शराटी. गाइड मुलगी नावं सांगत होती, आणि साडू मारुती चितमपल्लींचं नाव घेण्याची संधी शोधत होते. मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ते शोभून दिसतं. सोलापूरचा माणूस, वनखात्यात नोकरी, 'पक्षिकोश' लिहिला, २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, २०२५ च्या जूनमध्ये गेले, त्याच वर्षी पद्मश्री. "बगळे-करकोचे एकत्र घरटी करतात त्या जागेला त्यांनी काय शब्द दिला सांगा," असं त्यांनी सगळ्या बोटीला विचारलं. कुणालाच येईना. "सारंगागार!" ते क्षितिजाला म्हणाले. बोटीत दोन मिनिटं शाळा भरली होती.

तेवढ्यात गाइड मुलगी ओरडली, "रोहित! रोहित! उजवीकडे!"

केमिस्ट्रीतून रोहित दचकून उठला आणि आज्ञाधारकपणे उजवीकडे गेला. बोट कलली. "बसा खाली!" तांडेल ओरडले. "रोहित, बस की रे!" त्याची आई ओरडली. "उडतील ते, उडतील, रोहित बघा!" गाइड म्हणाली. "रोहित उडूलाला कामून?" सासूबाई घाबरून म्हणाल्या, आणि त्यांनी नातवाच्या जाकिटाचा पट्टा गच्च धरला तो परत जेटीला लागेपर्यंत सोडला नाही.

पण पाणी आणि कांदळवन यांच्या मधे चिखलाची एक पट्टी अजून उघडी होती, आणि ती पट्टी गुलाबी होती. आधी मला वाटलं, कुणी लग्नाचा मंडप धुऊन वाळत घातलाय. मग पट्टी हलली. हजारो. थंडी संपता संपता इथे हा आकडा लाखाच्या घरात जातो. कलकलाट असा की लग्नात पंगत उठून दुसरी बसतानाच ऐकावा. वासाबद्दल मी फार बोलत नाही. मुंबईचं बरंच सांडपाणी याच खाडीत येतं, त्यावर शेवाळ वाढतं, आणि ते खायला ही मंडळी कच्छच्या रणातून येतात. पिल्लं राखाडी जन्मतात. रंग सगळा खाण्यातला.

"म्हणजे गटाराचं खाऊन एवढे गोरेगोमटे?" माझी बायको म्हणाली आणि धपाट्यांच्या डब्याकडे तिने जरा संशयाने पाहिलं.

गाइडच्या दुर्बिणीतून मी एकालाच धरून बसलो. छोटा रोहित, चोच गडद लाल, काळपट. मान पार पायाशी गेलेली आणि चोच उलटी : वरची बाजू चिखलाकडे. त्या उलट्या चोचीतून तो पाणी आत ओढत होता आणि कडेने बाहेर ढकलत होता, इतक्या भराभर की गळ्याची कातडी थरथरत होती. जाळीत अडकेल ते पोटात, बाकी परत खाडीला. जेवताना पायही चालू, चिखल तुडवत तो स्वतःभोवतीच गोल फिरत होता. वेळअमावस्येला शेतात भज्जीच्या पातेल्यात पळी फिरते तसा. मग थांबला, एक पाय पोटात घेतला आणि झोपला.

"गुडघा उलटा वाकतो बघा त्याचा," मी म्हणालो.

"तो गुडघा नाही, काका, घोटा," गाइड म्हणाली. "गुडघा वर पिसांत लपलेला असतो."

"माझाबी तसा लपवता आला असता तर," साडू म्हणाले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर लातूरच्या निम्म्या डॉक्टरांनी मत दिलेलं आहे.

मग तिने स्थलांतराचं सांगितलं. मध्य आशियातून भारताकडे उतरणारा पक्ष्यांचा जो मोठा मार्ग आहे, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा मुक्काम. २०१५ मध्ये ही खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्याच वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने इथल्या काही रोहितांच्या पाठीवर जीपीएस बांधले, त्यातल्या एकाला पक्षितज्ज्ञ हुमायूँ अब्दुलअलींवरून हुमायूँ नाव दिलं. तो गुजरातेत पोचल्याचं इथे बसून कळलं.

"हुमायूँ पळणारच," साडू म्हणाले. "पण येतात कधी, जातात कधी?"

"दिवाळीनंतर यायला लागतात. पाऊस सुरू व्हायच्या आसपास परत."

साडूंनी जाकिटासकट अख्खं अंग तिच्याकडे वळवलं. "अहो, हे तर ऊसतोडीचं वेळापत्रक! दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलायचं, पावसाच्या तोंडाला गावी. मुकादम कोण यांचा? उचल कोण देतं?"

गाइड मुलगी पुण्यामुंबईकडची असावी. तिला उचल म्हणजे काय ते माहीत नव्हतं. साडूंनी तिला समजावून सांगितलं, कोयता, टोळी, फड, सगळं. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला त्या सबंध सफरीतला हा भाग सगळ्यात आवडला, कारण त्यानंतर ती पक्ष्यांना 'टोळी' म्हणायला लागली.

"आन् हे कच्छहून येऊन जागा अडवून बसलेत," साडूंनी शेवटी सिद्धांत काढलाच, "तर मधल्या स्टेशनवरच्या पक्ष्यांनी काय करायचं?"

"ते आपल्याकडे जायकवाडीला उतरतात," मी म्हणालो. ही थाप नव्हे. पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, रोहित तिथेही येतात. "आणि जायकवाडीचं पाणी नांदेडला येतं."

साडू क्षितिजाकडे वळले.

रात्री ठाण्याच्या फलाटावर चंद्र उगवायची वाट बघत सासूबाई भगरीचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लातूर गाडीला अजून वेळ होता. शेजारी चार-पाच पोरं, पायात धावायचे बूट, हातात प्लास्टिकच्या फायली, गुडघ्यांना धूळ. बोलण्यावरून औसा-निलंग्याकडची. त्यातल्या एकाने रोहितच्या मांडीवरचं जाड पुस्तक पाहिलं, साडूंचा उन्हाने लाल झालेला चेहरा पाहिला आणि आदराने विचारलं, "आजी, तुमीबी भरतीलाच आलता का?"

"हाव," सासूबाई म्हणाल्या. "तीनला होती."

"कशी झाली?"

"वेळेवर झाली बाबा. चार त्रिक बारा भागिले चार."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. लेखी आहे की शारीरिक, त्यांना कळेना.

"गर्दी लई होती का?"

"लाखभर असतील," सासूबाई चंद्राच्या दिशेने मान उंचावत म्हणाल्या. "सगळे एका पायावर उभे."